आधी खोड सांगावी

आमच्या मध्य प्रदेशातल्या बालाघाटात रागावणाऱ्या माणसांची कधीच कमतरता नव्हती. कचेरीतले बाबू रागावतात, ऑटोवाले रागावतात, राइस मिलचे मालक तर हंगामात बोलतच नाहीत, नुसते रागावतात. पण देवाची सेवा समजून, सकाळी आंघोळ करून, डोक्याला तेल चोपडून, नीट तयारीनं रागावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे आमचे पास्टरकाका. त्यांच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर छापण्यासाठी जो परिचय तयार झाला होता त्यात लिहिलं होतं, ‘एका सुसंस्कृत कुटुंबात जन्मलेले, शांत व मृदू स्वभावाचे लेखक. त्यांची लेखनशैली प्रसन्न व मधाळ आहे.’ हे वाचून माझं जे डोकं फिरलं ते अजून जागेवर आलेलं नाही, आणि हा मजकूर मी त्या फिरलेल्या डोक्यानंच लिहीत आहे. मृदू! मधाळ! ज्यांनी हे लिहिलं त्यांनी काकांच्या फाटकाची कडी एकदा तरी वाजवायला हवी होती.

त्या फाटकातून मी पहिल्यांदा आत गेले ती वडिलांच्या मागे मागे. आमचं गाव कटंगीकडचं. घरात धानाची शेती, आणि माझ्याआधी कॉलेजचं तोंड कोणी पाहिलेलं नाही. बालाघाटात राहायचं कुठे, हा प्रश्न होता. कोणीतरी सांगितलं की चर्चच्या आवारात पास्टर साहेबांच्या घरामागे एक खोली रिकामी आहे, मुलींना देतात. वडील मला घेऊन आले. खोली पाहिली, विहीर पाहिली, काकूंच्या हातचा चहा घेतला, आणि मग मनात जे सलत होतं ते त्यांनी विचारून टाकलं.

“साहेब, एक विचारू का जी? राग नोका मानू. पोरीले तुमच्या धर्मात तं नाही ना घेनार?”

काकांनी कप खाली ठेवला. “भाऊ, तुमची पोरगी आता माह्या फाटकातून आली अन् फाटक सताड उघडं टाकून आली. त्या पाहा, दोन गाई माह्या वालाच्या वेलीपाशी उभ्या हायेत. पयले तिले फाटक लावाले शिकवतो. धर्माचं मंग पाहू.”

वडील गाई हाकलायला धावले आणि परत येताना हसत आले. मला म्हणाले, “इथं ऱ्हाय. हा मानूस तोंडावर बोलते, म्हंजे पोटात काही ठेवत नाही.” पुढे मी त्या खोलीत बी.ए. केलं, एम.ए. केलं, आणि लालबर्ऱ्याच्या शाळेत नोकरी लागेपर्यंत राहिले. एवढ्या काळात धर्माचा विषय एकदाही निघाला नाही. फाटकाचा रोज निघाला.

काका प्रवचन हिंदीत करायचे, कारण मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, निम्मी माणसं हिंदी बोलणारी. पण राग मराठीत यायचा, आणि तोही आमच्या सीमेवरच्या मराठीत. उपासना चालू असताना हिंदी वाक्याच्या मध्येच ‘काहून रे’, म्हणजे ‘का रे’, ऐकू आलं की सगळी मंडळी सावरून बसायची. मी हिंदू घरची, पण रविवारी कधीकधी मागच्या बाकावर जाऊन बसायची. खोटं कशाला सांगू, मी त्या ‘काहून रे’साठीच जायची. तहसील कचेरीतून निवृत्त झालेले एक बाबूजी मंडळीतले वडीलधारे होते. ते प्रार्थनेला उभे राहिले की अर्ज लिहायला बसल्यासारखी सुरुवात करत. हे परमेश्वर, हम बालाघाट नगर, तहसील बालाघाट, जिला बालाघाट के निवासी... एकदा काकांनी डोळे मिटलेल्या अवस्थेतच त्यांना थांबवलं, “बाबूजी, ऊपरवाले को पता मालूम है. आगे बढ़ो.” नवी मोटारसायकल घेतली की मुलं ती काकांकडे आशीर्वादासाठी आणत. काका हँडलवर हात ठेवून प्रार्थना करत, “हे देवा, या पोऱ्याले ब्रेक दाबाची बुद्धी दे. आमेन.” झाली प्रार्थना. मुलाच्या आईला वाटायचं अजून थोडं व्हायला पाहिजे होतं. काका म्हणायचे, “याच्याहून जास्त देवालेही जमनार नाही.”

कोणी आजारी पडलं आणि भेटायला आलेला माणूस खाटेशी बसून ‘देव परीक्षा पाहून राह्यला’ असं म्हणू लागला, की काकांचा आवाज चढायचा. “परीक्षा देव घेईन ना, तू काहून पेपर वाटून राह्यला? घरून डबा आनला का? नाही आनला? मंग जा, आनून ये. परीक्षा तोवर थांबते.” मोबाइलवर सकाळी सकाळी गुलाबाच्या फुलांसकट बायबलची वचनं धाडणाऱ्यांना तर ते लगेच फोन लावत. एका गृहस्थानं वैऱ्यावर प्रेम करण्याबद्दलचं वचन धाडलं होतं, भोवती कबुतरं उडत होती. काकांनी विचारलं, “हे वाचून धाडलं का बिगर वाचता? वाचलं? मंग सांग, तुहा वैरी कोन हाय? मी सांगतो. तुहा सख्खा भाऊ हाय. यंदा गेलता का त्याच्या दारी?” समोरून फोन कटला. संध्याकाळी तो गृहस्थ तणतणत घरी आला, दारातच भांडला, आत येऊन भांडला, आणि काकूंनी पोहे पुढे केले तेव्हा खाता खाता भांडला. तो भावाकडे गेला की नाही मला माहीत नाही. पण पुढच्या सकाळी कबुतरं आली नाहीत.

असा हा मृदू माणूस.

मला मराठी लिहायला त्यांनीच शिकवलं, आणि रागावूनच शिकवलं. घरी आम्ही मराठी बोलायचो, पण शाळा हिंदी, कॉलेज हिंदी. मराठी फक्त तोंडात होती, हातात नव्हती. काका आत्मिक जीवनावर छोटे छोटे लेख मराठीत लिहायचे. हिंदीत का नाही, असं विचारलं तर म्हणायचे, “हिंदीत मी साहेब होऊन जातो.” त्यांचं अक्षर म्हणजे नांगरलेलं वावर. ते लेख टाइप करण्याचं काम माझ्याकडे आलं. मग कोर्टाजवळच्या दुकानात त्यांच्या झेरॉक्स निघायच्या, रविवारी मराठी घरांमध्ये वाटल्या जायच्या, आणि कोणाच्या ना कोणाच्या पिशवीतून बसनं कटंगीला, तिथून तुमसरला जायच्या. पहिलाच लेख मी टाइप केला तेव्हा कॉलेजातल्या निबंधाच्या सवयीनं त्यात आपल्या पदरचं एक वाक्य घातलं, ‘प्रार्थना ही आत्म्याची सुगंधी फुलबाग आहे.’ मला वाटलं, काका खूश होतील.

“हे कोनं लिहिलं?”

“मी जी.”

“तुह्या घरी फुलबाग हाय?”

“नाही जी. धान हाय.”

“मंग धान लिहाचं!”

त्या एका वाक्याचे माझ्यावर किती उपकार आहेत हे मला वर्गात उभं राहिल्यावर कळतं. माझ्या विद्यार्थ्यांना मी तेच सांगते. फक्त माझा आवाज तेवढा चढत नाही.

आता त्या ‘सुसंस्कृत कुटुंबा’कडे येते. काकांचे वडील कटंगीच्या आठवडी बाजारात बैलांचे दलाल होते. काकाही तरुणपणी तेच करत. ज्यांनी बैलबाजार पाहिला नाही त्यांना सांगते, तिथे भाव तोंडानं ठरत नाही. दलाल गिऱ्हाइकाच्या हातावर दुपट्टा टाकतो आणि दुपट्ट्याखाली बोटं धरून, दाबून, सोडून सौदा होतो. भोवती माणसं उभी असतात, पण आत काय चाललं ते कोणाला दिसत नाही. काकांच्या वडिलांची रीत अशी, की दुपट्टा टाकण्याआधी ते मोठ्यानं, चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात बैलाची खोड सांगत. हा पाणी पाहून बिचकतो. हा डावीकडे जुंपला तर सोनं आहे, उजवीकडे जुंपला तर बसकण मारतो. हा लेकरांना काही करत नाही, पण लाल लुगडं दिसलं की शिंग उगारतो. बाकीचे दलाल टर उडवत, “बैल इकून राह्यला का त्याची बदनामी करून राह्यला?” कितीतरी सौदे तिथेच मोडत. काकांनी एकदा वडिलांना विचारलं, आधी गुण सांगून खोड मागाहून सांगितली तर काय बिघडतं? वडील म्हणाले, “खोड घरी गेल्यावर कळली तं मानूस बैलाले मारते. आधी सांगतली तं सांभाळून घेते.”

हे वाक्य काका मला सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज अजिबात चढलेला नसायचा.

पास्टर होण्याची गोष्टही याच बाजारातली. मिशनच्या शेतीसाठी जोडी घ्यायला एक म्हातारे पास्टर आले होते. तरुण काकांनी बापाच्या रीतीप्रमाणे जोडीच्या सगळ्या खोडी सांगितल्या, वरून आपलीही एक सांगितली, की मला घाई फार आहे, त्यामुळे माझ्या बोलण्यात एखादी राहिली असेल तर पुन्हा विचारा. म्हातारे पास्टर बघतच राहिले. म्हणाले, “अरे, एवढं खरं माझ्या मंडळीत कोणी देवासमोर साक्ष देतानाही बोलत नाही. तू बैल सोड आणि माझ्याबरोबर चल.” आजोबांच्या पिढीपासून घर ख्रिस्ती होतंच. बापानं जा म्हटलं आणि काका धर्मशिक्षणाला गेले. “बैल मात्र त्यायनं दुसऱ्याकडून घेतले,” असं काका शेवटी सांगत, आणि या गोष्टीचा त्यांना अजूनही राग येई.

त्यांचं लिहिणंही त्या बाजारातून उठून आलेलं. प्रत्येक लेखाची सुरुवात खोडीनं, आणि खोड स्वतःची. क्षमेवरचा लेख असा सुरू होई, ‘काल मी बायकोवर भाजीत मीठ नाही म्हणून ओरडलो. मीठ बरोबर होते. माझे तोंड आले होते.’ आजाऱ्याला भेटण्यावरचा लेख, ‘मी एका माणसाला पाहायला गेलो नाही. वेळ नव्हता असे मी सांगितले. वेळ होता. त्याच्या घरचा चहा मला आवडत नाही.’ एवढं सांगून झालं की मग ते वाचणाऱ्याकडे वळत, आणि वळले की सोडत नसत. पण तोवर वाचणारा खाली बसलेला असे, कारण लिहिणारा त्याच्याआधी खाली बसला होता. विशेषणांचा त्यांना तिटकारा. “विशेषण म्हंजे शिंगाले लावलेला रंग. पोळ्याले ठीक हाय. रोज काहून?” माझी कितीतरी रंगवलेली शिंगं त्यांनी खरडून काढली.

लेख झाला की त्याची परीक्षा काकूंपुढे. काकू ओसरीत सूप घेऊन तांदूळ निवडत बसायच्या आणि काका समोर उभे राहून वाचायचे. वाचताना त्यांचं अर्धं लक्ष कागदावर आणि अर्धं काकूंच्या बोटांवर. ज्या वाक्याला बोटं थांबली ते वाक्य राहणार. ज्या परिच्छेदात बोटं एकसारखी चालत राहिली तो परिच्छेद गेला. एकदा एका वाक्याला काकूंचा हात थांबला. काका आनंदानं माझ्याकडे पाहून ओरडले, “ठेव! हे वाक्य ठेव!” काकू म्हणाल्या, “अहो, खडा होता.” त्या दिवशी दोन वेळचं जेवण अबोल्यात झालं. पण वाक्य काकांनी ठेवलं नाही. नियम म्हणजे नियम.

निवृत्ती जवळ आली तेव्हा विदर्भातल्या एका शहरातून ख्रिस्ती पुस्तकं काढणाऱ्या एका छोट्या समितीचा फोन आला. फिरत फिरत काही झेरॉक्स त्यांच्यापर्यंत पोचल्या होत्या. पुस्तक काढू म्हणाले. काकांनी फोनवर नुसतं ‘पाहू’ म्हटलं, पण त्या दिवशी फाटक उघडं राहिलं तरी मला कोणी बोललं नाही. काकू मला आत बोलावून म्हणाल्या, “बाई, हे बोलनार नाहीत, मी सांगतो. हे घर मंडळीचं. आज ना उद्या खाली कराच लागंन. दुसरा पास्टर येईन, त्याचं नाव दारावर लागंन. यायले वाटते का आपलं इथं काही उरावं. बापाची रीत कुठंतरी लिहून ऱ्हावी.” मी सगळे लेख गोळा केले, एकेक पुन्हा तपासला, आणि पाठवले. इतक्या काळजीनं मी माझा एम.ए.चा पेपरही लिहिला नव्हता.

बरेच महिने गेले आणि छपाईआधीची प्रत माझ्या मोबाइलवर आली. मी न वाचताच प्रिंट काढून आणली. वाटलं, पहिल्यांदा सगळ्यांनी मिळून ऐकावं. दुपारची वेळ होती. काकू सूप घेऊन बसल्या, काका खुर्चीत, आणि मी वाचायला लागले. ‘क्षमा ही ईश्वरी प्रीतीची अमृतधारा होय.’ मला वाटलं ही प्रस्तावना असेल. पान उलटलं. पुढेही अमृतधाराच होत्या. मिठाची भाजी नव्हती. आजाऱ्याच्या घरचा चहा नव्हता. प्रत्येक लेखाचा पहिला परिच्छेद कापला होता, एक सोडला नव्हता. रंगवलेल्या शिंगांच्या जागी ‘बाह्य अलंकार’ आले होते. बैल जिथे जिथे होता तिथे ‘मूक प्राणी’ झाला होता. माझा आवाज हळूहळू बारीक होत गेला. काकूंची बोटं मात्र चालतच होती. तांदूळ निवडून झाले, बोटं तरी रिकाम्या सुपात फिरत होती. मी थांबले तेव्हा त्यांनी मान वर केली आणि अगदी साधेपणानं विचारलं, “चांगलं हाय. कोनाचं हाय हे?”

टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

मी घाईघाईनं मागचं पान वाचायला घेतलं, आणि तिथे तो परिचय होता. सुसंस्कृत कुटुंब. बालपणापासून धार्मिक वातावरण. शांत, मृदू, मधाळ. मी काकांकडे पाहिलं. वाटलं, आता हे छप्पर उडणार. काका म्हणाले, “माह्या बापाचं पुन्हा वाच.”

“काका, वडिलांचं यात काही नाही.”

“तेच म्हनून राह्यलो. पुन्हा वाच. असंन एखाद्या कोपऱ्यात.”

मी पुन्हा वाचलं. नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संपादकांना फोन लावला. स्पीकरवर. ते गृहस्थ इतके गोड बोलत होते की मला फोन पुसून घ्यावासा वाटला. “पास्टरजी, कृपया गैरसमज करून घेऊ नका. हे आत्मिक जीवनाचं पुस्तक आहे. वाचक मार्गदर्शनासाठी येतो. लेखकच पहिल्या ओळीत पत्नीवर ओरडला, तर वाचक पुढे कसा जाणार?”

काकू आतून म्हणाल्या, “मी गेली ना पुढं! इतकी वर्षं जाऊन राह्यली!”

“आणि तो बैलबाजार, दलाली वगैरे... शब्द जरा...”

“काय जरा?”

“नाही, म्हणजे, मागच्या पानावर शोभत नाही. आपण असं करू, ‘ग्रामीण पार्श्वभूमी’ असं घालू.”

“ग्रामीन पार्श्वभूमी काय खाते साहेब? वैरन का ढेप?” काका म्हणाले. “बैल म्हना ना. माहा बाप बैलाचा दलाल होता. खोड सांगून बैल इकत होता. एवढंच लिहा, बाकीचं तुमच्या मनानं करा.”

“ते शक्य होणार नाही, पास्टरजी. समितीनं मंजूर केलेला मजकूर आहे.”

काकांनी फोन स्वतःच्या हातात घेतला. मग जे बोलले ते त्यांच्या हिंदी साहेबी आवाजात नव्हतं आणि रागाच्या मराठी आवाजातही नव्हतं. “साहेब, तुमी माह्या खोडी झाकल्या, तुमचा हेतू वाईट नसंन. पन हे पुस्तक मानूस घरी नेईन. मंग एक दिवस त्याले कळंन का लिहिनारा चिडका होता, बायकोवर ओरडत होता, बैल इकत होता. तवा तो काय करंन? मले मारू शकनार नाही, मी तिथं नसंन. तो पुस्तकातल्या चांगल्या गोष्टीले मारंन. खोड झाकून इकलेला बैल असाच मार खाते. राहू द्या. नोका छापू.”

“अहो, पण पुन्हा अशी संधी...”

“हौ,” काका म्हणाले, “समजलो जी,” आणि फोन मला दिला. तो बंद कसा करायचा ते त्यांना कधी जमलं नाही.

मी रागावले. त्या घरात राहून रागावण्याचं जेवढं शिक्षण घेतलं होतं तेवढं सगळं वापरलं. समितीवर रागावले, त्या मधाळ माणसावर रागावले. ज्यांना बैल दुधासारखा पांढरा हवा, शेण नको, शिंग नको, त्यांनी कापसाचे बैल करून पुजावेत, असं म्हणाले. ज्यांनी आयुष्यात एकही फाटक लावलं नाही ते दुसऱ्याच्या बापाला पुसून टाकतात आणि त्याला संपादन म्हणतात, असंही म्हणाले. आपणच छापू म्हटलं. काका म्हणाले, “कोनासाठी? ज्यायले वाचाचं होतं त्यायनं झेरॉक्स वाचली.” मग मी काकांवरच रागावले. “तुम्ही काहून रागवत नाही? मोटारसायकलवर रागावता, कबुतरावर रागावता, अन् इथं तुमचा बाप पुसला तरी गप्प?”

“त्या मानसाले मी कधी पाह्यलंच नाही पोरी,” ते म्हणाले. “न पाह्यलेल्या मानसावर रागावू कसा?”

निरोपाच्या सभेत लोक बोलायला उभे राहिले. ज्यांना ज्यांना काकांनी झोडपलं होतं ते सगळे. मला वाटलं, आता तरी कोणी खरं बोलेल, कोणी एखादी खोड सांगेल. पण माइक हातात आला की प्रत्येकाच्या तोंडून तेच, शांत, सौम्य, प्रेमळ. आमच्याकडे माणूस जायला निघाला की आधी त्याची शिंगं कापतात, मग हार घालतात. मी मागच्या बाकावर बसून नखं खात होते. काका पुढे हार घालून बसले होते आणि ओशाळल्यासारखे हसत होते, जणू चुकून दुसऱ्याच्याच लग्नात जेवायला बसलेत.

ते दोघं तुमसरकडे लेकीच्या घराजवळ राहायला गेले. मी रविवारी फोन करते. सुरुवातीचे महिने वाईट होते. काकू दबल्या आवाजात सांगायच्या, “बाई, हे कोनाले काही म्हनतच नाहीत. इथं सारे ‘नमस्कार साहेब’ म्हनून निघून जातात. काल चहात साखर टाकाची राह्यली, तरी मुकाट्यानं पेले.” मी म्हटलं, त्यांना फोन द्या. मी काकांना विचारलं, लिहिता का? म्हणाले, “कोनाबद्दल लिहू? इथल्या कोनाची खोड मले मालूम नाही, अन् माही कोनाले मालूम नाही.” एवढं बोलून त्यांनी माझ्या तब्येतीची चौकशी केली. माझ्या तब्येतीची! एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. त्या समितीवर माझा जो राग होता तो त्या रात्री दुप्पट झाला, कारण पुस्तक छापलं नसलं तरी तो मागच्या पानावरचा शांत आणि मृदू माणूस तिकडे हळूहळू तयार होत होता.

मागच्या रविवारी मी फोन केला तर काकूंनी ‘हॅलो’सुद्धा म्हटलं नाही. “अवं, आज बोलले! शेजारनीले बोलले!”

“कोण बोललं काकू?”

“हेच! तिची सासू आंगनात खाटेवर, उन्हात. अन् ही आत मोठ्यानं भजन लावून बसली. यायनं भिंतीवरून असा आवाज देल्ला का गल्लीतले लोक बाहेर आले. ‘काहून वं, देव आतच बसला हाय का? भाईर खाटेवर कोन हाय मंग?’ ती बाई भल्ली रडली. मले वाटलं, झालं, आता इथूनही सामान बांधाचं. तं घडीभरानं तिनं खाट सावलीत घेतली, अन् मंग कढीनं भरलेला गंज घेऊन आपल्याच दारी आली. म्हने, बाबा, मले असं कोनी बोललंच नोतं, माहा बाप गेल्यापासून.”

“आणि काका?”

“कढी पेले अन् तिले सांगतलं का मी असा हाव, मले राग लवकर येते, आत्ताच मालूम करून घे. आता कागद शोधून राह्यले.”

मागून आवाज आला, दमदार, मराठी, “पेन कोनं नेला? इथंच होता! काहून हात लावता माह्या पेनाले?”

“देऊ का त्यायले फोन?” काकूंनी विचारलं. मी म्हटलं, नको, लिहू द्या. फोन ठेवला आणि खिडकीशी उभी राहिले. लालबर्ऱ्याच्या रस्त्यावर धानाचे ट्रॅक्टर चालले होते. मला फार बरं वाटलं, अगदी मनापासून. आणि मग संध्याकाळपर्यंत, वह्या तपासताना, पोळ्या लाटताना, मला त्या शेजारणीचा हेवा वाटत राहिला.